पुढची सीट

प्रिय वहिनी,

आखाजीच्या सणाला माहेरी गेलीस आणि माझ्या पाणचट विनोदांना हसणारं घरात कुणी उरलं नाही. अमळनेरला झोके आणि आमरस सोडून तुला सुरतेतल्या आपल्या भेस्तानची आठवण कशाला येईल म्हणा! पण दारात गाडी उभी असताना तू बसनं गेलीस, ते मला अजून खुपतंय.

लग्नानंतर तू पहिल्यांदा दादाशेजारी पुढे बसलीस आणि गाडीनं आचके दिले, गिअर बदलेना, पिवळा दिवा लागला. तू उतरलीस की गाडी शहाण्यासारखी चालायची. दोन-तीनदा असं झाल्यावर शोभाआत्यानं नव्या सुनेचा पायगुण काढलाच. तू हसलीस, पण पुन्हा गाडीत बसली नाहीस. दादा तेव्हा गप्प बसला, याचा मला भयंकर राग आला होता.

लिंबायतचे आपले मेकॅनिक रामदासभाऊ तर कंटाळून गेले होते. गिअरबॉक्सच्या स्पीड सेन्सरचा सिग्नल मध्येच तुटतो, एवढं स्कॅनर सांगायचा. सेन्सर नवा बसवला, तरी तेच. भाऊ एकटे इच्छापोरपर्यंत चालवून आले तर गाडी एकदम झकास!

काल दादाला गाडी पुन्हा त्यांच्याकडे न्यायची होती. तू नाहीस, म्हणजे आता धोका नाही, म्हणून आत्या ऐटीत पुढे बसली. उधन्याच्या पुलावर गाडीनं असा आचका दिला की आत्याचा चष्मा मांडीवर! मी मागून विचारलं, आत्या, हा कुणाचा पायगुण? आणि विचारता विचारता माझ्याच डोक्यात उजेड पडला. आई-बाबा कायम मागे बसतात, दादा एकटाच कामाला जातो. त्या सीटवर तुझ्याशिवाय बसतं कोण?

मग काय, गॅरेजमध्ये भाऊ स्कॅनरकडे बघत ‘उठा मावशी, बसा मावशी’ म्हणत राहिले. आत्या बसली की सिग्नल गायब, उठली की हजर. नाक्यावरचे रिक्षावाले बघायला जमले. सीट काढली तर खाली त्या सेन्सरची वायर दबून सोललेली. लग्नासाठी नवी सीट कव्हरं घातली ना, तेव्हा सीट परत बसवताना कव्हरवाल्यानं ती अडकवली होती.

 घरी आल्याबरोबर आत्यानं तुझ्यासाठी ज्वारीच्या बिबड्यांचा डबा भरून ठेवला. माफी मागणं तिला जमत नाही, बिबडे जमतात. दादानं मात्र तुझी माफी मागायचं कबूल केलंय. रविवारी तीच गाडी घेऊन येतोय, त्याला जरा रडवच.

हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण पुढचं बोलताना मला रडूच फुटलं असतं. आशिषच्या घरून आमच्या लग्नाला होकार आला, वहिनी! मी खूप खूश आहे आणि तेवढीच घाबरलेय. दिवाळीनंतर मीही कुणाच्या तरी उंबऱ्यावरून आत जाईन, आणि तिथेही एखादी शोभाआत्या माझ्या पावलांकडे बघत असेल. त्या दिवशी पाठराखीण म्हणून मला तूच हवीस. आपल्याच गाडीतून जाऊ, आणि तू पुढच्या सीटवर बसायचंस.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
मानसी