माझ्या समक्ष घेतलेलं पाणी

जळगाव,
रविवार, दि. २८ जानेवारी १९९६

तीर्थस्वरूप सुनंदाअक्का,

पायांवर डोकं ठेवतो. तुझ्या सासूबाईंच्याही ठेवतो, पण जरा लांबूनच. मागच्या खेपेला नमस्काराला वाकलो तर त्यांनी पाठीत धपाटा घातला होता आणि 'निस्ता हाडकाच शेतस' म्हणाल्या होत्या. आम्ही सगळे इथे मजेत आहोत. तू बांधून दिलेली ज्वारीच्या बिबड्यांची चवड तुझ्या भावजयीनं आठवडाभर पुरवायची म्हणून वर ठेवली होती. ती दोन दिवसांत संपली आणि आळ माझ्यावर आला.

झुलाल दाजी विचारत होते की विमानतळावर तुमचं नेमकं काम काय, विमानं तर अजून आली नाहीत. त्यांना सांग, विमान यायच्या आधीच माझं काम. ठेकेदार कंपनीला बांधकामाची परवानगी देताना आमच्या ऑफिसनं एकवीस अटी घातल्या आहेत, त्या पाळल्या जातात की नाही ते मी महिन्यातून एकदा येऊन बघायचं. धूळ उडू नये म्हणून पाणी मारतात का, तोडलेल्या झाडांच्या बदल्यात रोपं लावली का, असलं सगळं. कागदावर चारशे रोपं लावली होती, माझ्या मोजणीत एकशे सत्तर भरली. बाकीची तुमच्या खैरवाड्याच्या बकऱ्यांनी आधीच तपासली असावीत.

गेल्या महिन्यात मी तुमच्या गावात विहिरीचं पाणी घ्यायला आलो तो नवव्या अटीसाठी. डांबराच्या प्लँटचं जळकं तेल सिमेंटच्या टाकीत साठवायचं, जमिनीत सोडायचं नाही, अशी ती अट. टाकी बांधलेली आहे आणि ती इतकी कोरडी आहे की तीत चिमण्या घरटं करतील. मग तेल जातं कुठे? तुमच्या गावाच्या वरच्या अंगाला जुनी खदान आहे, ती मला ताज्या मुरुमानं भरून सपाट केलेली दिसली. माझ्या मनात पाल चुकचुकली. खदानीतून तेल मुरलं तर ते उतारानं गावविहिरीतच येणार. कंपनीचे व्यवस्थापक बन्सीलालशेठ मात्र हसून म्हणाले, साहेब, संशय असेल तर पाणी तपासा.

तर अक्का, पाणी तपासून आलं. निर्मळ. 'पिण्यास योग्य' असा शिक्का घेऊन आलं. मला खरंच बरं वाटलं, कारण आपली कोकिळा पहिल्या बाळंतपणाला माहेरी तुझ्याकडे यायची आहे. अहवालाची एक प्रत तुमच्या ग्रामपंचायतीला पाठवली आहे.

वाईट एवढंच वाटतं की पुना आबांच्या मळ्यातली विहीर आता जाणार. मळा धावपट्टीत गेलाच आहे. गावाला पर्यायी पाणी हवं म्हणून विहिरीचं बुजवणं अडलं होतं. गावविहीर चांगली निघाल्यावर आमच्या ऑफिसनं 'हरकत नाही' असं कळवून टाकलं. म्हाताऱ्याला माझा नमस्कार सांग, आणि रागावले असतील तर सांगू नकोस.

आणि हो, त्या दिवशीचा तुझा पाहुणचार आमच्या नियमात बसत नाही. नमुना अधिकाऱ्यानं स्वतः काढायचा असतो, आणि मला सासूबाईंनी ओट्यावरून उठूच दिलं नाही. 'तुमी बसा भाऊ, बहीणना घर शे. पाणी शेंदानं काम पाव्हणानं नही.' दाजी आणि त्या माझे दोन्ही कॅन घेऊन गेले, मी तुझा चहा पीत बसलो, कॅन भरून आले आणि मी लाख लावून ते बंद केले. कागदावर 'माझ्या समक्ष घेतले' असं लिहिलं. आता समक्ष म्हणजे काय, कॅन गेले तेही मला दिसले आणि आले तेही दिसले.

कोकिळा कधी येते ते कळव.

तुझा,
रतिलाल


जळगाव,
मंगळवार, दि. २० फेब्रुवारी १९९६

तीर्थस्वरूप अक्का,

नमस्कार. तुझं पत्र काल मिळालं. कोकिळा सुखरूप आली, वाचून बरं वाटलं. तिला सातवा लागला म्हणतेस, म्हणजे आता जपायला हवं.

मी एक सुचवतो. तिला इकडे जळगावला पाठव. इथे दवाखाना घरापासून चालत पाच मिनिटांवर आहे, डॉक्टरीणबाई ओळखीच्या आहेत, तुझी भावजय सगळं करेल. पहिलं बाळंतपण आईच्याच घरी असतं हे मला माहीत आहे, पण मामाचं घर काही परकं नव्हे. दाजींना मी समजावतो. या आठवड्यातच पाठवलंस तर फार बरं.

दुसरं. पुना आबांच्या विहिरीला कंपनीनं तारेचं कुंपण घातलं असं तू लिहितेस. कुंपण असलं तरी बाजूला वाट असेलच ना? निदान कोकिळेपुरतं पाणी तिथूनच आणत जा. दोन हंडे म्हणजे फार नाही. गावविहिरीचं पाणी उकळून वापरतो असं लिहिशील, पण तसं नको. उकळून उपयोग नाही. का ते विचारू नकोस, तूर्त एवढं ऐक.

इकडे नवं विशेष काही नाही. ऊन आत्ताच चढायला लागलं आहे. परवा बन्सीलालशेठ घरी आले होते. त्यांनी सोनगीरचा तांब्याचा घडा आणला, चांगला वजनदार, घासून लखलखीत केलेला. म्हणाले, 'साहेब, यात पाणी ठेवा, शुद्ध राहतं.' मी नको नको म्हणेपर्यंत तुझ्या भावजयीनं तो आत नेला होता. मग चहा पिता पिता त्यांनी विचारलं, 'तुमच्या अक्का खैरवाड्यातच असतात ना?' मी हो म्हटलं. 'नमुना भरला तेव्हा तुम्ही त्यांच्याच ओट्यावर होतात, असं ऐकलं.' मग खारी खाल्ली, मुलाच्या अभ्यासाची चौकशी केली आणि गेले. घडा स्वयंपाकघरात आहे. मी अजून त्यातलं पाणी प्यायलो नाही.

तू पत्राच्या शेवटी सासूबाईंची जी गंमत लिहिलीस ती मी बऱ्याचदा वाचली. तिच्याबद्दल आणखी कुणाला सांगू नकोस. सासूबाईंनाही काही बोलू नकोस, त्यांचा काही दोष नाही.

बकऱ्यांचं लिहिलंस ते खरं का? दोन्ही गाभडल्या, पिलं गेली? आणि विहिरीत बेडूक दिसत नाहीत हे कधीपासून?

कोकिळेला पाठव. पत्र मिळताच पाठव.

तुझा,
रतिलाल


धुळे, एस. टी. स्टँड,
शनिवार, दि. ९ मार्च १९९६

अक्का,

आज नमस्कार-चमत्कार लिहायला मन घेत नाही. हे पत्र डाकेनं टाकत नाही. खैरवाड्याच्या मुक्कामी गाडीच्या ड्रायव्हरच्या हातात देतो आहे, म्हणजे आज संध्याकाळीच तुला मिळेल. आधी एकटीनं वाच, मग दाजींना वाचून दाखव.

तू लिहिलं होतंस, की त्या दिवशी सासूबाई माझे कॅन घेऊन गावविहिरीवर गेल्या आणि तशाच परत फिरल्या. दाजींना म्हणाल्या, 'आठलं पाणीले वास येस. भाऊ हाई पाणी मुंबईले धाडी, मोठमोठा साहेब पाहतीन. आपली सूननं माहेर काय म्हणी? अशा पाणीनं तोंड दखाडू नका.' मग दोघं भर उन्हातून पुना आबांच्या मळ्यात गेले, तिथलं गोड पाणी कॅनमध्ये भरून डोक्यावर घेऊन आले. तू हे हसत हसत लिहिलंस. भावाची लाज राखली म्हणून लिहिलंस. खालून दोन्ही विहिरींचं पाणी एकच, असं दाजी म्हणाले, तेही लिहिलंस.

एक नाही अक्का. आबांची विहीर खदानीच्या वरच्या अंगाला आहे. त्या विहिरीला खदानीचं काहीच लागत नाही. तुमची विहीर खाली आहे.

पाहुण्याला चांगलं पाणी द्यावं हे सासूबाईंना कुणी शिकवायला नको होतं. मला मात्र माझं काम शिकवलेलं होतं. नमुना स्वतः शेंदायचा, दोन पंच उभे करायचे, कॅन हातातून सोडायचा नाही. मी चहा पीत बसलो आणि 'माझ्या समक्ष' म्हणून सही ठोकली. चूक सासूबाईंची नाही, माझी आहे.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी मी नाशिकच्या साहेबांना फोन केला. नमुन्यात घोळ झाला आहे एवढंच बोललो, माझं नाव कुठे आणलं नाही. ते म्हणाले, पुढचा नमुना सहा महिन्यांनी आहेच, तेव्हा बघू. मी 'बरं' म्हटलं आणि फोन ठेवला. खरं सांगतो, त्या वेळी मला हायसं वाटलं. त्यानंतर अठरा दिवस मी रोज ऑफिसला गेलो, फायली काढल्या, सह्या केल्या आणि तुला पत्रं लिहिली की कोकिळेला पाठव. खरं कारण लिहिलं असतं तर तू त्याच दिवशी तिला पाठवलं असतंस. मी कारण लिहिलं नाही म्हणून तू उत्तरात 'रीत मोडता येत नाही' एवढंच कळवलंस.

मंगळवारी होळीच्या दिवशी मी तुमच्या गावात आलो होतो. तुला माहीत नाही. सगळे होळीच्या तयारीत होते, दुपारी विहिरीवर कुणी नव्हतं. मी स्वतः पोहरा सोडला. जे डिसेंबरात करायचं ते मार्चमध्ये केलं. पाणी वर आलं तेव्हा गॅरेजमध्ये येतो तसा वास आला आणि पोहऱ्यात रंगीत तवंग फिरत होता. बोट बुडवलं तर ते तेलकट झालं, रुमालानं पुसूनही वास गेला नाही. विहिरीच्या भिंतीवर पाण्याच्या रेषेला काळी कड धरली आहे, ती तुम्हाला रोज दिसत असेल.

परत फिरताना पंचायतीच्या भिंतीवर माझा अहवाल चिकटवलेला दिसला. तिथे एक बाई हंडा घेऊन थांबली होती, मी तिला विचारलं की या पाण्याला वास येत नाही का. ती म्हणाली, 'पहिले आम्ही आबाना मळामाईन पाणी लयेत. आते तठे तार व्हई गयी. आन् सरकारना कागद आयेल शे ना, पाणी चांगलं शे म्हनीसन. सुनंदाबाईना भाऊनी सही शे त्यावर.'

म्हणजे वास यायला लागल्यावर गाव शहाणपणानं ती विहीर टाळत होतं, आणि माझी सही बघून पुन्हा ते पाणी प्यायला लागलं.

मग तुझ्या गल्लीच्या तोंडाशी आलो. कोकिळा ओट्यावर उभी होती. एक हात कमरेवर आणि दुसऱ्या हातानं तांब्या तोंडाला लावून ती घटाघटा पाणी पीत होती. उन्हातून आली असावी. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. हाक मारली असती तर तू बाहेर आली असतीस, चटई टाकली असतीस, चहा ठेवला असतास, आणि मी पुन्हा काहीतरी गमतीचं बोलून उठलो असतो. मी मागच्या वाटेनं हायवेवर जाऊन गाडी धरली. तुझ्या लेकीनं तो तांब्या संपवला तेव्हा तिचा मामा वीस पावलांवर उभा होता.

आता काय करायचं ते नीट वाच.

हे पत्र हातात पडताच घरातले सगळे हंडे ओत. कोकिळेला उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं जळगावला पाठव. तुझी भावजय स्टँडवर उभी राहील, तिला मी सगळं सांगून निघालो आहे. रीत राहू दे.

सोमवारी सकाळी आबांची विहीर बुजवायला डंपर लागणार आहेत. हे बन्सीलालनंच मला सांगितलं, आणि वर म्हणाला, 'तुमच्या अहवालामुळेच काम सुटलं साहेब, उपकार झाले.' त्याला सगळं माहीत आहे अक्का. तुमच्या गावात त्याची माणसं आहेत. ती विहीर बुजली की गावाला दुसरं पाणी राहत नाही आणि माझा नमुना तिथलाच होता हे ताडून बघायला पाणीही राहत नाही.

म्हणून सोमवारी उजाडल्यापासून गावातल्या बायांना घेऊन आबांच्या विहिरीवर जा. तार उचलून आत शिरा. भांडू नका, कुणाला काही बोलू नका, फक्त पाणी शेंदत राहा. एकीचा हंडा भरला की दुसरीनं दोर घ्यायचा. पाणी भरणाऱ्या बायांवर मुरुम ओतायला आपल्याकडचा ड्रायव्हर सहजी धजणार नाही, असं मला वाटतं. खात्री देत नाही. पुना आबांना काठावर बसवा.

मी आत्ता नाशिकच्या गाडीत बसतो आहे. सोमवारी ऑफिस उघडताच साहेबांच्या टेबलावर माझा लेखी जबाब ठेवणार, की नमुना गावविहिरीचा नव्हता आणि मी तो घेतला नाही. सोबत एक कागद जोडला आहे. पाणी कुणी, कुठून आणि का भरलं ते त्यात सरळ लिहिलं आहे. त्यावर दाजींची सही आणि सासूबाईंचा अंगठा घे आणि उद्याच्या गाडीत कोकिळेबरोबर पाठव, तुझी भावजय तो पुढे नाशिकला माझ्याकडे धाडेल. सासूबाई लाजतील. त्यांना सांग, तुमच्यामुळे नाही, माझ्यामुळे लिहावं लागतंय. माझी नोकरी राहील असं वाटत नाही. त्याची मला आता तेवढी भीतीही वाटत नाही.

भीती वेगळीच आहे. कोकिळा येऊन तीन आठवडे झाले. रोजचे किती तांबे होतात, मी हिशोब करायला बसतो आणि सोडून देतो. डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, आधी तिला घेऊन तर या.

खैरवाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर हॉर्न देतोय. तो तांब्याचा घडा मी बन्सीलालच्या ऑफिसात परत ठेवून आलो. तो नव्हता, त्याच्या टेबलावर ठेवला.

यापुढे तुझ्या घरी आलो, आणि तू येऊ दिलंस, तर आधी विहिरीवर जाईन. चहाचं नंतर बघू.

तुझा चहा पीत ओट्यावर बसून राहिलेला,
रतिलाल