तीन काचांमधला रंग

अमरावती, मार्गशीर्ष अमावास्या

सकाळी पूजा आटोपल्यावर ताटलीत हळद-कुंकू घेतलं आणि सलीमभाईंच्या कृष्णधवल कॅमेऱ्याची परीक्षा घेतली. त्यांचा अकोल्यात फोटो स्टुडिओ. मी रात्री आकाशाचे फोटो काढतो; शहराच्या उजेडात माझ्या रंगीत कॅमेऱ्यात तेजोमेघ, म्हणजे ताऱ्यांमधले वायूचे ढग, पुसले जातात, म्हणून कॅमेऱ्यांची अदलाबदल करा, असं सलीमभाई म्हणतात. पण लाल, हिरव्या, निळ्या काचेतून तीन करडे फोटो काढायचे आणि रंग त्यांनी संगणकावर चढवायचा, म्हणजे ते आकाश देवाचं की सलीमभाईंचं? गावच्या मंदिरात लावलेले मी काढलेले आकाशाचे फोटो बघून लोक हात जोडतात. त्यांना खोटा रंग कसा दाखवू?

लाल काचेतून हळद-कुंकू दोन्ही पांढरी दिसली, निळ्यातून दोन्ही काळी; हिरव्यातून हळद उजळ, कुंकू काळं. तिन्ही फोटो एकत्र केल्यावर मात्र कुंकू लाल, हळद पिवळी. तरी मन मानेना. कुंकू मी रोज पाहतो; तेजोमेघ कोणी जवळून पाहिलाय?

फोन केला तर ते हसले. "भाऊ, काहून एवढा शक करून राहिले? तुमच्या रंगीत कॅमेऱ्यात बी हर ठिपक्यावर एकाच रंगाची काच असते, बाकीचे दोन रंग तो अंदाजानंच भरते. फक्त तुमाले सांगत नाही."

मग इतकी वर्षं मी कोणाच्या अंदाजाला नमस्कार करवत होतो?

संध्याकाळी अकोल्याला जाऊन रंगीत कॅमेरा त्यांच्या हाती देऊन आलो, कृष्णधवल माझ्याकडे ठेवला. रंग मात्र मीच चढवीन, हे तिथंच सांगितलं.