‘पूर्ण’मधला दीर्घ ऊ

दिनांक ४, रविवार

प्रिय ताई,

नमस्कार. तू, भाऊजी आणि बाबा ठीक असाल. मीही ठीक आहे. दुकानात अर्ज टाइप करून घेणाऱ्यांची रांग हटत नाही, म्हणून पत्राला उशीर झाला. फोनवर माझी त त प प होते हे तुला माहीत आहे. कागदावर जरा धड बोलता येतं.

बाबांच्या बाथरूमचं काम उरकलं. म्हणजे माणसं गेली. फरशी तू निवडलीस तीच, फिकट हिरवी, पाय न घसरणारी. भिंतीला धरायला दोन दांडे लावले आहेत. मी लोंबकळून पाहिलं, एकही हलला नाही. दार रुंद केलं आहे, चाकाची खुर्ची आत जाऊन वळते. हेही मी स्वतः खुर्चीत बसून पाहिलं. नेमक्या तेव्हाच शेजारच्या काकू डोकावल्या आणि म्हणाल्या, “अगंबाई, आता तूसुद्धा?”

पण बाबांना इतक्यात पाठवू नकोस. रंगाचा वास आहे, त्यांना खोकला होईल. शिवाय ठेकेदाराचं थोडं किरकोळ राहिलं आहे. तू त्याचं नाव ‘उद्याराव’ ठेवलंस ते अगदी चपखल. सोमवारी विचारलं तर ‘उद्या’, मंगळवारी विचारलं तर ‘उद्या’, आणि बुधवारी उलट मलाच म्हणाला, “काल सांगितलं ना उद्या म्हणून? किती वेळा विचारणार?”

तुमच्या तिसऱ्या मजल्यावर बाबा कंटाळले असतील हे मला कळतं. जिना उतरता येत नाही, दिवसभर ती एक खिडकी. भाऊजींची गैरसोय होते हेही कळतं. ते बोलून दाखवत नाहीत, म्हणून जास्तच कळतं. आणखी थोडे दिवस.

तुझा जुना फोन अजून चालू होतो का? सहज विचारतो आहे.

तुझा धाकटा


दिनांक १५, गुरुवार

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. ‘रंगाचा वास इतके दिवस टिकत नाही, गाढवा. खरं काय ते लिही.’ आणि त्याखाली बाबांच्या अक्षरात एक ओळ: ‘काम पूर्ण झालं असं लिहायचं सोडून हा उरकलं, गेली, राहिलं असं का लिहितो? विचार त्याला.’

छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासलेल्या माणसापासून मी काय लपवणार? छापलेली चूक कोणालाही सापडते, बाबांना गाळलेलं सापडतं. तर लिहितो.

फरशीचा उतार उलटा आहे. तू बजावलं होतंस, ‘माणसं जायच्या आत एक बादली ओतून बघ.’ मी ओतली नाही. ओतली ती माणसं गेल्यावर तीन दिवसांनी. पाणी जाळीकडे गेलंच नाही. दाराकडे आलं, दारातून बाबांच्या खोलीत, आणि पलंगाच्या पायापर्यंत. मी टॉवेल टाकला, मग चादर, मग अंगातला शर्ट. एका बादलीत एवढं पाणी असतं हे मला माहीत नव्हतं.

उद्याराव आला नाही, पण फोनवर तोडगा सांगितला. “दारात चार इंचांचा उंबरा घालतो. पाणी जागच्या जागी अडेल.”

मी म्हणालो, “मग खुर्ची आत कशी जाणार?”

“उचलायची.”

“वडिलांना धरून?”

“तुम्ही तरुण आहात की!”

ताई, एवढा सगळा खटाटोप त्या खुर्चीसाठीच होता. मी म्हणालो, काम पूर्ण नाही, मी तक्रार करीन. तर तो हसला. “पूर्ण नाही कसं? तुम्हीच केलंत की! तेही दीर्घ!”

हे मला लिहायचं नव्हतं.

शेवटच्या दिवशी मी त्याला भीत भीत विचारलं होतं, “उतार बरोबर आहे ना?” त्याने गवंड्यांसमोर मलाच विचारलं, “शाळा कुठवर झाली तुमची?” मी म्हणालो, नववी. “मग बरोबर. उताराचं गणित दहावीला असतं.” गवंडी हसले. मीसुद्धा हसलो. मी का हसलो ते मला अजून कळलेलं नाही.

मग त्याने वहीतलं पान पुढे केलं. ‘बाथरूमचे काम पुर्ण झाले असून कोणतीही तक्रार नाही.’ पुर्ण. ऱ्हस्व. ताई, मला फक्त तेवढंच दिसलं. पुढची तक्रार दिसली नाही, मागची फरशी दिसली नाही. वाटलं, आता बघ नववीवाला काय करतो ते. त्याच्याच पेनाने उकार खोडला, दीर्घ केला, आणि दुरुस्तीच्या बाजूला बाबांनी शिकवल्याप्रमाणे माझी आद्याक्षरं टाकली. मग खाली सही. तो म्हणाला, “वा साहेब! शिकलेला माणूस वेगळाच.” त्या दिवशी मी गुणगुणत जेवण केलं, हेही लिहून टाकतो.

परवा एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी पानाचा फोटो पाहिला आणि चष्मा काढला.

“हे दुरुस्त कोणी केलं?”

“मी.”

“आणि ही आद्याक्षरं?”

“माझीच. दुरुस्तीला लागतात.”

“लागतात हो. पण आपल्या बाजूच्या दुरुस्तीला.” मग म्हणाल्या, “न वाचता सही केली, असं म्हणायची सोय तुम्ही ठेवलीच नाहीत. एवढं बारकाईने वाचणारा पक्षकार मी पहिल्यांदाच पाहते आहे.”

पण त्यांनी हात झटकले नाहीत. म्हणाल्या, सही झाली म्हणून वाईट काम चांगलं होत नाही. पाणी ओतल्यावरच कळणारा दोष सहीच्या वेळी दिसला नाही, असं मांडता येतं. आधी तिऱ्हाईत इंजिनिअरकडून पाहणी आणि लेखी अहवाल. मग ठेकेदाराला नोटीस, पंधरा दिवसांत दुरुस्त करून द्या म्हणून. तो समोर बसून मिटवायला तयार झाला तर उत्तम. नाही तर ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंचाकडे जायचं. तोवर फरशीला हातोडा लावायचा नाही, कारण ती फरशीच आपली साक्षीदार.

काल इंजिनिअर येऊन गेले. त्यांनी जाळीजवळ एक गोटी ठेवली. गोटी दाराकडे निघाली, बाहेर पडली आणि बाबांच्या पलंगाखाली जाऊन बसली. “अहवालात आणखी काय लिहू?” म्हणाले.

तुझा जुना फोन यासाठी हवा आहे. उंबरा नको, खुर्ची आत जायला हवी, असा निरोप तू ठेकेदाराला पाठवला होतास. त्याचं ‘ओके ताई’ असं उत्तर आलं होतं. करारात ते कुठेच नाही, फक्त त्या फोनमध्ये आहे. कृपा करून काही पुसू नकोस.

आता राहिलं ते सांगतो. घर बाबांच्या नावावर, करारही बाबांच्या नावावर. वकीलबाईंनी विचारलं, “वडिलांनी तुम्हाला सही करायचा अधिकार लिहून दिला होता?” मी म्हणालो, लिहून नाही, तोंडीही नाही, मीच पुढे झालो. त्या म्हणाल्या, “मग ती सही वडिलांवर बंधनकारक नाही, हे आपल्या उपयोगाचं आहे. वडिलांनी तसं लिहून द्यायला हवं.”

मजकूर मीच टाइप केला. पाकिटात जोडला आहे. पहिल्या परिच्छेदात काम आहे, दुसऱ्यात खुर्ची आहे. तिसरा परिच्छेद एका वाक्याचा आहे: ‘माझ्या वतीने सही करण्याचा अधिकार मी माझ्या मुलाला दिलेला नव्हता.’ ते वाक्य टाइप करायला मला सगळी दुपार लागली. गिऱ्हाईक दोनदा परत गेलं.

वकीलबाई म्हणतात, हे वाक्य नसलं तरी तक्रार उभी राहते, फक्त एका पायावर. असलं तर दोन पायांवर. आणि हे सगळं सोडून दुसरा गवंडी आणला, तर आठ दिवसांत बाबा घरी येतील, उद्याराव मात्र मोकळा. बाबांना आणखी महिनाभर तरी खिडकीशी बसवायचं का, हे मी ठरवणार नाही. या घरात मी एकदा पुढे होऊन ठरवलं आहे, तेवढं पुरे.

हे पत्र बाबांना सगळं वाचून दाखव. गुणगुणलो तेसुद्धा. मधलं गाळू नकोस, त्यांना कळतंच.

मजकुराचं शुद्धलेखन मी चार वेळा तपासलं आहे, त्यात चूक नाही. तिसरा परिच्छेद खरा आहे की नाही, तेवढं बाबांनी तपासावं. खोडायचा असेल तर खोडावा आणि बाजूला आद्याक्षरं टाकावीत. नसेल खोडायचा तर खाली सही करावी. मला वाईट वाटणार नाही.

वाटेल. पण सही वाचूनच करावी.

तुझा धाकटा
(अधिकार नसलेला)