मोबाईलशिवाय चार घास

२ एप्रिल, सकाळ
आजपासून कुंदनला जेवताना मोबाईल नाही. ठरलं. काल अंगणवाडीत ताईंनी वजन केलं. अडीच वर्षांचा झाला, तरी वजन मागच्या महिन्याइतकंच. त्या नुसतं "बघू" म्हणाल्या. "बघू" म्हणजे काय? सासर-माहेर धरून बी.ए. झालेली मी पहिली. माझाच मुलगा कुपोषित निघाला तर?

दुपार
बॅटरी संपली म्हणून सांगितलं. त्याने चार्जर आणून दिला. म्हणजे मेंदूवर परिणाम नाही. खाल्ले दोन घास.

४ एप्रिल
मोबाईल त्याला दिलाच नाही. मीच एका डॉक्टरांचा व्हिडिओ लावला : मोबाईलशिवाय मूल कसं जेवेल. मांडीवरून बघत कुंदनने अर्धी भाकरी संपवली. याला स्क्रीन म्हणत नाहीत, अभ्यास म्हणतात.

५ एप्रिल
डॉक्टर लावल्याशिवाय आता तोंडच उघडत नाही. ते "मोबाईल बंद करा" म्हणाले की टाळ्या वाजवतो. सासूबाई म्हणाल्या, घास पोऱ्याले दी ऱ्हायनी का मोबाईलले? दुर्लक्ष केलं.

७ एप्रिल
डॉक्टरही बंद. दूध नाही, वरण नाही, पोळी थुंकली. घशात अडकू नये म्हणून प्रत्येक घासानंतर तोंड उघडून बघते. सासूबाई त्याला सकाळीच गच्चीवर नेतात. शेजारच्या तुळशीबाईंबरोबर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालणं चाललंय. उपाशी पोरगं, उन्हात! ह्यांना म्हटलं, शहाद्याला दवाखान्यात नेऊ. म्हणाले, आत्ता तर पळत होता. पळतो, त्याचीच भीती वाटते.

९ एप्रिल
ताईंना विनवून पुन्हा वजन केलं. तीनशे ग्रॅम जास्त! काटा बिघडला असेल म्हणून दोनदा केलं. तेवढंच. शेवटी शिस्तच कामी आली.

१० एप्रिल, सकाळ
शिस्तीचं सांगायला गच्चीवर गेले. कुंदन तुळशीबाईंना टेकून बिबड्यांचा गरम चीक खात होता. तेल घालून, स्वतःच्या हाताने. मला बघितलं आणि तोंड मिटलं.

तुळशीबाई म्हणाल्या, रोज वाटीभर चीक खास पोऱ्या. तू दिसनी का त्याना तोंडले कुलूप. तू खाले जाय, बाय. सासूबाई म्हणाल्या, तुन्हं तोंड देखीसनच घाबरस पोऱ्या.

जिन्यात येऊन बसले. वरून बोटं चाटल्याचा आवाज येत होता.

उद्यापासून मीही गच्चीवर. त्याच्याकडे पाठ करून बसेन. एकदाच वळून बघेन. फार तर दोनदा.