जन्मानं इथले

३ मार्च
आज सभेत ग्लेंडाला गप्प केलं. अजिबात वाईट वाटलं नाही.

बेटावरच्या आम्हा लहान धंदेवाल्यांचा संघ – जॅमवाले, साबणवाले, स्वेटर विणणारे. उन्हाळ्याच्या आत सगळ्यांच्या मालावर एकच ब्रँड यायला हवा. ग्लेंडानं बेटाच्या तांबड्या जमिनीवरून नाव सुचवलं, 'लाल माती'. मी उठले. "माती काय, कुणीही पायाला लावून घेऊन जातं. आपण कोण ते नावात यायला हवं. 'जन्मानं इथले'!" टाळ्या पडल्या.

अध्यक्ष आल्टन डोकं खाजवत म्हणाला, "आणि जे इथं जन्मले नाहीत त्यांचं काय करायचं, नोरीन?"

"राहू देत की पाहुणे सदस्य म्हणून. मत नाही द्यायचं."

सगळे ग्लेंडाकडे बघायला लागले. ओंटारियोहून येऊन तिला तीस वर्षं झाली. संघ तिनंच उभा केला, हेही खरं. पण बाहेरचा तो बाहेरचाच. इथं असंच चालत आलंय, मी काय नवा नियम काढला?

९ मार्च
ग्लेंडा दुकानात आली. भांडणार म्हणून मी बाह्या सरसावून तयार! तिनं फक्त विचारलं, "आईचे गुडघे कसे आहेत?" आईला डॉक्टरकडे तीच नेते. मला दुकान सोडवत नाही.

१५ मार्च
मी अजून सावरले नाही. मतदान झालंच नाही! आल्टन हात मोजायला उठला, तेवढ्यात ग्लेंडा म्हणाली, "मी 'लाल माती' मागे घेते."

"अगं, निम्मी मंडळी तुझ्या बाजूनं आहेत," आल्टन म्हणाला. "नोरीनचं नाव लागलं तर तिच्या नियमानं मतही जाईल तुझं. कारण तरी सांग."

"नोरीनला हेच नाव हवंय ना? मग होऊ दे."

नाव माझं लागलं. मिरवावं असा दिवस, आणि तिचंच वाक्य डोक्यात घोळतंय. टोमणा होता का तो? तसा वाटला नाही.

२१ मार्च
नव्या ब्रँडच्या पोस्टरवर प्रत्येकाचा फोटो आणि खाली जन्मगाव येणार, सुरुवात माझ्यापासून. आईला सहज विचारलं, मी घरीच झाले की बेटावरच्याच शार्लटटाउनच्या इस्पितळात?

ती बिस्किटांचं पीठ मळत होती. मळायची थांबली.

"ते नको छापूस, बाळा."

"का?"

"तू चार महिन्यांची होतीस. मी आणि तुझे बाबा बोटीनं बेटाच्या पलीकडे गेलो आणि तुला घेऊन आलो. तुझ्या खऱ्या आईचं नावही आम्हाला कुणी सांगितलं नाही."

मी हसले. वाटलं, थट्टा करतेय. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बोलली का नाहीस इतकी वर्षं?"

"तुला बाहेरची म्हणाले असते गं सगळे."

२२ मार्च
सकाळी आईला विचारलं, हे आणखी कुणाला ठाऊक आहे. म्हणाली, "एकट्या ग्लेंडाला. डॉक्टरकडे जाताना मीच सांगितलं, कधीचंच."