काठावरची कळशी

२ फेब्रुवारी, सोमवार
साडेपाचला उठले. विहिरीच्या काठावर भरलेली कळशी होतीच. वैनी आधी उठते, माझ्यासाठी भरून ठेवते. संध्याकाळी मी तीच कळशी तिच्यासाठी. कळशी एकच, सासूबाईंची, तांब्याची. हद्दीच्या दगडी गडग्यावरून भाऊ-भाऊ भांडले तेव्हापासून आम्ही जावा नऊ वर्षं बोललेलो नाही. आता भाऊही दोघे गेले. कळशी काही चुकली नाही. ती दिसली की दिवस सरळ जातो. चहा, फुलं, पेज, सगळं आपसूक होतं.

५ फेब्रु., गुरुवार
कळशीला राख तशीच. कसली घासते ही! बोलत असते तर चांगलं सुनावलं असतं.

११ फेब्रु., बुधवार
काठ रिकामा. आधी विश्वासच बसेना, मग संतापले. बरं, तर आता एवढंही नको! माझी बादली आणून पाणी ओढलं, रहाट मुद्दाम खडखडवला. ऐकू दे तिला. घरी येऊन चहा केला, तोही कडवट.
बारा वाजता शेवंता धावत आली. वैनीकडे काजू निवडायला येते ती. वैनी न्हाणीच्या दारात पडलेली. कळशी शेजारी. विहिरीवरच निघाली होती. पहाटेपासून

१२ फेब्रु.
खुब्याचं हाड. कुडाळात ऑपरेशन.
सहा तास. मी हाकेच्या अंतरावर होते, आणि घरात बसून चहाला नावं ठेवत होते. माझी मलाच शिसारी येते.

२२ फेब्रु., रविवार
वैनीला घरी आणलं. मुलगा बाळा मुंबईला नेणार. घर बंद करणार.
कळशी भरून घेऊन गेले. पोचा आलाय तिला. नऊ वर्षांनी तो उंबरा ओलांडला. तीच आधी बोलली.
"उशीर केलंस गो."
मला रडूच फुटलं. ती म्हणाली, "रडतंस कित्याक? त्या दिवशी रहाट वाजलो तो माका ऐकाक इलो. म्हटलां, कळशी नाय बघून ही आता येतलीच. हाक मारूक आवाजच फुटा नाय."
मी तिचा पाय चेपत राहिले. कळशी नाही हे मी बघितलं होतं, आणि तरी आले नाही. तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात बाळा औषध घेऊन आला.

२४ फेब्रु., मंगळ.
गेली. नांदगाव स्टेशनवरून मुंबईची गाडी होती. बाळाने उचलून रिक्षात बसवलं. मला म्हणाली, "कळशी चुकव नको." शेवंता डोळे पुसत होती.

२६ फेब्रु., गुरुवार
सकाळी कळशी भरून काठावर ठेवली. कोणासाठी, देव जाणे. भाकरी करपली. फुलं तोडायची राहिली. संध्याकाळी कळशी तिच्या तुळशीत ओतली.
सातला फोन.
"भरलंस?"
"भरलंय."
मागे तिच्या नातवंडांचा टीव्ही.
"काय सांगूचा आसा काय तुका?" तिने विचारलं.
"नाय गो वैनी."
"बरां. उद्या ह्याच येळार करतंय," म्हणाली.
फोन मांडीवर ठेवून तशीच बसून आहे. त्या दिवशी मी रागाने आले नाही, हे तिला ठाऊक आहे की नाही? उद्या सात वाजता पुन्हा विचारेल.