चिंतूने चाखली, मी ऐकली

लुईव्हिल, केंटकी
४ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
आपली मुलगी धम्मदिना हिचा सविनय जयभीम. वि. वि.

फोन असताना पत्र कशाला, म्हणून हसाल. पण माझ्या आवाजावरून तुम्हाला मी जेवले की नाही तेही कळतं, आणि मग तुम्ही मला बरं वाटेल तेच बोलता. या वेळी तसं नको आहे.

पत्रासोबत एक बाटली आहे. इथल्या दारूच्या कारखान्यात माझ्या लॅबमधला सार्थक ठाण्याला घरी येतोय, तो आणून देईल. बाटलीत बर्बन आहे, म्हणजे मक्याची दारू, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपात मुरवलेली. चार, सात आणि बारा वर्षांच्या पिंपांमधली एकत्र केली आहे. कुठली किती घ्यायची, हे पहिल्यांदाच मी एकटीने ठरवलं. अल्कोहोल साठ टक्के आहे, तेव्हा जपून. आधी तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्यायचा, मग अगदी लहान घोट, मग चमचाभर पाणी घालून पुन्हा.

इथे मला या कामाची कायमची जागा देताहेत. पंधरा एप्रिलपर्यंत उत्तर द्यायचंय. आईला हे काम शेवटपर्यंत पटलं नाही, आणि इथल्यांचं कौतुक मला खरं वाटत नाही. म्हणून ठरवलंय: तुम्ही चांगली म्हणालात तर राहीन, नाहीतर घरी परत येईन.

गोळ्या वेळेवर घ्या. माया असू द्यावी.
आपली,
दिना

*

टेमघर, भिवंडी
२३ फेब्रुवारी २०२५

चि. धम्मदिना हिस बाबांचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

सार्थक येऊन गेला. पोरगा गुणी आहे, पण भिवंडी म्हणजे नुसती गोडाऊन असं त्याला वाटतं. त्याला दोन गल्ल्या फिरवून आणला.

पहिली अडचण माझीच. तू जन्मलीस त्या वर्षी मी तुझ्या आईशेजारी बसून पाचवं शील घेतलं, तेव्हापासून थेंबाला शिवलो नाही. आता ती बघत नाही म्हणून मोडू, हे काही बरं नव्हे. मग बाटली पिशवीत घातली आणि अंबाडीच्या वरच्या पाड्यावर चिंतूकाकाकडे गेलो. तीस वर्षं लूमवर माझा हेल्पर होता, पण मोहाच्या दारूत तो माझा गुरू. ठरलं असं, की चाखायची त्याने आणि ऐकायचं मी. लूम न थांबवता नुसत्या आवाजावरून बिघाड सांगत मी धंदा उभा केला, माणसाची जीभ ती काय अवघड!

चिंतूने पहिले चार थेंब रिवाजाप्रमाणे पूर्वजांसाठी जमिनीवर सोडले. तानीकाकी म्हणाली, त्यांनी अमेरिका पाहिलेली न्हाय, बेताने द्या, भोवळ येईल.

पण पोरी, दारू जमली नाही. चिंतूने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. म्हणाला, धूर फार, भट्टी करपलीय. पाणी घातल्यावर तर नुसतं ओलं लाकूड. वाईट वाटून घेऊ नकोस. लॅब इकडेही आहेत. आपल्या गल्लीतले लूम एकेक करून भंगारात गेले. आता इतकी शांतता आहे, की वरच्या मजल्यावर कुणी कूस बदलली तरी कळतं. तुझ्या खोलीला रंग द्यायला घेतलाय.

तब्येत सांभाळ. माझी माया तुला ठाऊकच आहे.
तुझा,
बाबा

*

लुईव्हिल
१२ मार्च २०२५

ती. बाबांस सविनय जयभीम. वि. वि.

पत्र पोचलं. रडले नाही. पत्र असल्यामुळे हे बिनधास्त लिहिता येतंय.

इथल्या पाच जणांनी चांगली म्हटली होती. पण ते रोज माझ्यासोबत डबा खातात. तुम्ही मात्र मोठमोठ्या शेठना तोंडावर सांगायचात, की तुमचं मशीन भंगार आहे. म्हणून तुमचंच खरं धरलं. काल मी ती पुन्हा चाखली, आणि बाबा, मला खरंच धूर लागला. आधी कसा लागला नाही, कोण जाणे. आता दुसऱ्या पिंपांतलीही चाखते, तर सगळ्यातच लागतो. माझ्या जिभेवर माझाच विश्वास उरलेला नाही.

पंधरा एप्रिलला नकार कळवीन आणि मे महिन्यात येईन. चिंतूकाकांना सांगा, त्यांनी स्पष्ट सांगितलं याचा राग नाही.

आहे तशी जवळ करा.
आपली,
दिना

*

टेमघर
२४ मार्च २०२५

चि. धम्मदिना हिस जयभीम. आशीर्वाद द्यायला आज हात उचलत नाही.

मी खोटं लिहिलं. काय झालं ते आता नीट ऐक.

चिंतूने पहिला घोट घेतला तेव्हा दातांतून सुस्कारा आला. जाळ होता, तो असणारच. मग जीभ टाळूला लागून एकदाच वाजली. मग काहीच नाही. बाहेर कोंबडी पाचोळा उकरत होती तेवढाच आवाज. चमचाभर पाणी घातलं, पुन्हा घोट घेतला, आणि छातीतून एक खोल हुंकार आला. तीस वर्षांत त्याचा तसला हुंकार मी ऐकला नव्हता. तानीने तो ऐकला आणि पेला आपल्याकडे ओढला तो परत दिलाच नाही. चिंतू म्हणाला, आधी भाजते, मग काहिलीतल्या गुळासारखी होते, मग अंगणात वाळत घातलेल्या मोहासारखी. लाकूड शेवटी येतं आणि कुणाच्या डोक्यावर बसत न्हाय. घाई नसलेल्या हाताची आहे. बाटली तिथेच राहिली, मी रिकामी पिशवी घेऊन एसटीत बसलो. धूर, करपलेली भट्टी, ओलं लाकूड हे सगळं मी त्या दीड तासात जुळवलं.

कारण तूच लिहिलं होतंस, की वाईट म्हटलं तर येईन. संध्याकाळी काम नसलं की मी शांतीनगरात एका चालू कारखान्याच्या भिंतीला टेकून उभा राहतो, नुसती खडखड ऐकायला. वॉचमन आता खुर्ची देतो. तू येणार हे वाचलं आणि दोन दिवस तिकडे गेलोच नाही. तिसऱ्या दिवशी पत्रातली ती धुराची ओळ पुन्हा वाचली. जन्मभर लोकांचे बिघाड काढले, घातला हा एकच, आणि तो तुझ्या जिभेत.

काल चिंतूला तुझं पत्र वाचून दाखवलं. आपल्या नावावर धूर खपवला म्हणून तो उठून शेतात निघून गेला. तानीने चहासुद्धा टाकला नाही. म्हणाली, पोरीला खरं लिहा, कुरियरची पावती आणून दाखवा, मगच ओट्यावर चढा.

तुझ्या आईला हे काम कधीतरी पटलं असतं, असं मी म्हणणार नाही. तिच्या नावाने आणखी एक खोटं नको. पण काम तुझं आहे आणि ते तुला येतं. पंधरा तारखेची वाट पाहू नकोस, हो म्हणून कळव.

माझ्यावरची माया उरेल तेवढी ठेव. कमी भरली तर हूं की चूं करणार नाही. पावती घेऊन उद्या सकाळच्या एसटीने अंबाडीला जातोय. ओट्यावर घेतात का बघू.

तुझा,
बाबा